कोनी आयलंड: पाळणे, आगी आणि शंभरीला टेकलेला सायक्लोन

न्यू जर्सीला मुलीकडे निघालेल्या एका वाचकांचा प्रश्न आहे: न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड पार्कमधला सायक्लोन हा लाकडी रोलर कोस्टर १९२७ पासून चालतोय हे खरं का? इतकं जुनं लाकूड सुरक्षित कसं? तिथल्या बाकी जुन्या राइड्स कुठे गेल्या? आणि गेलोच तर बसावं का? माझी नोकरीची बहुतेक वर्षं राइड्सच्या देखभालीत आणि तपासणीत गेली, त्यामुळे उत्तर जरा नटबोल्टच्या अंगाने जाईल.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. कोनी आयलंड नावाचं एकच पार्क कधीच नव्हतं. ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला समुद्रकाठची ती एक पट्टी आहे. तिथे शेजारीशेजारी वेगवेगळ्या मालकांची, एकमेकांचं गिऱ्हाईक ओढणारी पार्कं होती. स्टीपलचेस, लूना आणि ड्रीमलँड ही त्यातली मोठी तीन. शिवाय मधल्या मोकळ्या जागांत सुट्या राइड्स, प्रत्येकीचा मालक वेगळा आणि तिकीटखिडकीही वेगळी. सायक्लोन हा अशाच सुट्या राइड्सपैकी एक. दुसरं म्हणजे सायक्लोन पुरता लाकडी नाही. त्याचा सांगाडा पोलादी आहे, लाकडी आहे तो वरचा ट्रॅक. तुमच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे, पण त्याकडे जरा वळसा घालून येऊ.

कोस्टरची तिथली सुरुवात १८८४ ची. लामार्कस थॉम्प्सन याने ‘स्विचबॅक रेल्वे’ उभारली, म्हणजे दोन टोकांना दोन उंच मचाणं आणि मध्ये लाटेसारखा वरखाली जाणारा सुमारे ६०० फुटांचा रूळ. लोकांनी जिने चढून मचाणावर जायचं, गाडीत आडव्या बाकावर बसायचं आणि उताराने ताशी सहा मैलांच्या आसपास घरंगळत पलीकडे पोचायचं. तिथे उतरायचं, कामगारांनी गाडी ढकलून दुसऱ्या मचाणावर चढवायची आणि मग परतीचा प्रवास. तिकीट ५ सेंट. आपल्या जत्रेतला हाताने फिरवायचा पाळणा याहून जोरात फिरतो, पण तेव्हा त्यासाठी रांगा लागत होत्या.

रांगा लागल्या की नकला होणारच. त्याच वर्षी चार्ल्स अल्कोक याने रूळाची दोन्ही टोकं जोडून गाडी सुरुवातीच्या जागी परत आणली. पुढच्या वर्षी फिलिप हिंकल याने गाडी साखळीने चढावर ओढून न्यायला सुरुवात केली. माझ्या मते कोस्टरचा खरा जन्म या साखळीचा. माणसांना जिने चढायला लावायचं असेल तोवर उंचीला मर्यादा होती. ओढायचं काम यंत्राकडे गेल्यावर ती सुटली, आणि कोस्टरला उंची मिळाली की वेग मिळतोच, कारण चढाच्या माथ्यानंतर त्याला कुठलंही इंजिन नसतं.

१८९५ मध्ये पॉल बॉयटन याने तिथे ‘सी लायन पार्क’ काढलं. भोवती कुंपण आणि प्रवेशालाच पैसे, ही आज सगळीकडे दिसणारी पद्धत तिथून रुळली. त्या पार्कात ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची उभ्या वेटोळ्याची राइड होती. वेटोळं बरोब्बर गोल, व्यास सुमारे २५ फूट. हे वाचताना माझ्यासारख्याची मान आपोआप आखडते. हिशोब साधा आहे: घर्षण सोडून दिलं, तर गोल वेटोळ्याच्या माथ्यावरून गाडी खाली न पडता जेमतेम पार व्हायला खाली जेवढा वेग लागतो, त्या वेगाने आत शिरताना बसणाऱ्याला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार बसतो. तोही हळूहळू वाढत नाही, सपाट रूळ संपून वक्र सुरू झाला की एका झटक्यात येतो. प्रत्यक्षात वेग जेमतेमपेक्षा जास्तच ठेवावा लागतो, त्यामुळे फ्लिप फ्लॅपच्या बाबतीत बारापटीचा आकडा सांगितला जातो. माना लचकायच्या, लोक एकदा बसले की पुन्हा फिरकायचे नाहीत. १९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉट याने लंबगोल वेटोळं करून पाहिलं. ते पुष्कळ बरं होतं, पण गाडीत माणसं चारच मावायची. बसणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त, म्हणून बघायचेही पैसे घ्यायला लागले! धंदा तरी बसलाच. उभं वेटोळं त्यानंतर कित्येक दशकं मागे पडलं. ते नीट जमलं १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कच्या ‘रेव्होल्यूशन’वर, थेंबासारख्या आकारात: खाली वक्र सैल, माथ्यावर घट्ट. खोपोलीच्या इमॅजिका पार्कमधला नायट्रो कोस्टर पाहिला असेल, तर त्याचं वेटोळं गोल नसून वर निमुळतं होत जातं हे लक्षात येईल. कारण हेच.

जॉर्ज टिल्यू हा माणूस मला या सगळ्यांत जास्त रंजक वाटतो. तो इंजिनिअर नव्हता, पक्का धंदेवाईक होता. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातलं अवाढव्य फेरिस व्हील पाहून ते विकत घ्यायचं त्याच्या मनात आलं. मिळालं नाही, तेव्हा त्याने निम्म्या मापाचं, १२५ फुटांचं चाक बनवायला टाकलं आणि ते यायच्या आधीच मोकळ्या जागेवर पाटी लावली, की जगातलं सर्वांत मोठं फेरिस व्हील इथे उभं राहणार आहे. १८९७ मध्ये त्याने स्टीपलचेस पार्क सुरू केलं. मुख्य राइड होती घोड्यांची शर्यत: समांतर रूळांवर लाकडी घोडे, आधी साखळीने वर न्यायचे आणि मग उताराने सोडून द्यायचे. जोडीदाराला पुढ्यात घेऊन बसता यायचं, आणि जड स्वार बहुधा पुढे जायचे. उताराने गती देणारी ओढ वजनाबरोबर वाढते, पण हवेचा विरोध त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून. तरुण जोडप्यांना एवढं जवळ बसायला त्या काळात दुसरी जागा कुठे होती?

टिल्यूची खरी हुशारी मात्र शर्यत संपल्यावर दिसायची. बाहेर जायची वाट एका छोट्या रंगमंचावरून काढलेली होती. तिथे जमिनीतून हवेचे झोत सुटायचे, टोप्या उडायच्या, झगे फुगायचे, विदूषक मागे लागायचे, आणि समोर बाकांवर आधी बाहेर पडलेले लोक पोट धरून हसत असायचे. म्हणजे ज्याची फजिती झाली तोच पुढच्याची बघायला बसायचा. त्या करमणुकीला टिल्यूला जवळपास काहीच खर्च नव्हता.

त्यानेच १९०२ साली फ्रेडरिक थॉम्प्सन आणि एल्मर डंडी या जोडीला आपल्या पार्कात आणलं. बफेलोच्या १९०१ च्या प्रदर्शनात त्यांची ‘चंद्राची सफर’ गाजली होती: हलणारं जहाज, बदलते पडदे आणि प्रकाशयोजना यांच्या जोरावर प्रेक्षकाला चंद्रावर नेऊन आणायचं. आजच्या सिम्युलेटर राइड्सची ही थोरली बहीण. एका हंगामानंतर ही जोडी बाजूला झाली, सी लायन पार्कची जागा घेतली आणि मे १९०३ मध्ये लूना पार्क उघडलं. अडीच लाख विजेचे दिवे! घरोघरी अजून वीज पोचलेली नव्हती. रात्री तो झगमगाट बघायला येणं हीच तेव्हा मोठी राइड होती. जगभरच्या कितीतरी पार्कांनी पुढे लूना हेच नाव उचललं. पुढच्या वर्षी शेजारी ड्रीमलँड आलं, सगळं पांढरंशुभ्र, ३७५ फुटांच्या मनोऱ्यासकट.

याच पार्कांत डॉ. मार्टिन कूनी यांचं अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं प्रदर्शन चालायचं. खरीखुरी बाळं, काचेच्या उबपेटीत, सोबत नर्सेस. लोक तिकीट काढून बघायचे आणि त्या पैशांतून उपचार चालायचे, आईबापांना एक पैसा पडत नसे. ऐकताना अंगावर काटा येतो खरा, पण अशा बाळांची सोय तेव्हा बहुतेक इस्पितळांत नव्हती. हे १९४३ पर्यंत चाललं आणि हजारो बाळं त्याने वाचली.

आता आगी. बाकीच्या राइड्स कुठे गेल्या याचं पहिलं उत्तर हेच. या पार्कांतले महाल, मनोरे, डोंगर म्हणजे आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि वर प्लास्टर व तागाचा गिलावा. स्वस्त, झटपट, आणि ठिणगी पडली की होळी. १९०७ मध्ये स्टीपलचेस जळालं. दुसऱ्या दिवशी टिल्यूने पाटी लावली, जळते अवशेष बघायला प्रवेश १० सेंट. मग त्याने काच आणि पोलाद वापरून प्रचंड छताखालचं ‘पॅव्हिलियन ऑफ फन’ बांधलं. ड्रीमलँडचं तसं झालं नाही. २७ मे १९११ ला, हंगाम सुरू व्हायच्या ऐन तोंडावर, ‘हेल गेट’ नावाच्या पाण्यातल्या राइडची गळती बुजवायचं काम रात्री उशिरा चालू होतं. दिवे गेले, अंधारात उकळत्या डांबराची बादली लवंडली, असं सांगतात. सकाळपर्यंत पार्क राख झालं होतं. उबपेटीतली बाळं सुखरूप बाहेर काढली गेली. ड्रीमलँड पुन्हा कधी बांधलं गेलं नाही.

हे वाचून मला नेहमी आपल्याकडचे हंगामाआधीचे शेवटचे दिवस आठवतात. उद्घाटनाची तारीख छापून झालेली, आणि रात्रपाळीत तीन ठेकेदार एकाच राइडवर: एक वेल्डिंग करतोय, एक रंग मारतोय, एक वायरिंग ओढतोय. मी चालत्या राइडपेक्षा या रात्रींना जास्त घाबरायचो. वेल्डिंगची परवानगी लेखी हवी आणि जवळ बादली-अग्निशामक घेऊन एक माणूस नुसता उभा हवा, यावरून माझी भांडणं झालेली आहेत.

पुन्हा कोस्टरकडे. साखळी आली तरी जुने कोस्टर हळूच चालायचे, कारण गाडीला रूळावर धरून ठेवायला फक्त तिचं स्वतःचं वजन होतं आणि ब्रेक लावायला बहुतेकदा गाडीवरच एक माणूस बसलेला. माथ्यावर वेग जास्त झाला तर गाडी सरळ हवेत. हा पेच सोडवला जॉन मिलर याने. शंभरावर पेटंट नावावर असलेल्या या माणसाची दोन कामं आज जगातल्या बहुतेक कोस्टरवर सापडतात. एक रॅचेट: चढावर गाडी ओढली जाताना जो टक-टक-टक आवाज येतो तो साखळीचा नव्हे. गाडीखालचा एक खटका बाजूच्या दातेरी पट्टीवर पडत जातो, त्याचा तो आवाज. साखळी तुटली तरी गाडी एक दात मागे येऊन अडकते, घसरत नाही. दुसरं म्हणजे ट्रॅकच्या खालून धावणारं चाक, ज्याचं पेटंट १९१९ चं. वरचं चाक भार घेतं, बाजूचं गाडी मध्यभागी ठेवतं आणि खालचं तिला वर उचलू देत नाही. ट्रॅकच्या पट्टीला तिन्हीकडून मिठी मारली की मग डिझायनरला उतार हवा तेवढा तीव्र करता येतो.

त्यामुळे १९२० चं दशक कोस्टरचं ठरलं. १९२० मध्ये भुयारी रेल्वे थेट कोनी आयलंडपर्यंत आली, ५ सेंटमध्ये अख्खं शहर समुद्रावर. लागोपाठ तीन मोठे कोस्टर उभे राहिले: १९२५ मध्ये मिलरचाच थंडरबोल्ट, १९२६ मध्ये टोर्नेडो आणि २६ जून १९२७ ला सायक्लोन. रोझेंथाल बंधूंनी पैसा घातला, व्हर्नन कीनन याने आराखडा केला, हॅरी बेकर याने बांधला. उंची ८५ फूट, ट्रॅक २,६४० फूट, वेग ताशी ६० मैलांपर्यंत, आणि पहिला उतार सुमारे ५८ अंशांचा, म्हणजे आसनावरून बघितला तर भिंतच. तिकीट २५ सेंट. आणि जागा तीच, जिथे १८८४ मध्ये थॉम्प्सनची गाडी घरंगळत होती.

आता लाकूड. लाकडी ट्रॅक म्हणजे एकसंध तुळई नसते. फळ्यांचे थर एकावर एक ठेवून बोल्टने आवळतात, सांधे एकाखाली एक येणार नाहीत असे मागेपुढे. सगळ्यांत वर पोलादाची चपटी पट्टी, तिच्यावरून चाक धावतं. वरचे एकदोन थर आतल्या बाजूला थोडे पुढे आलेले असतात, त्या ओठाखालून ते तिसरं चाक जातं. थरांची ही बांधणीच दुरुस्तीच्या सोयीची आहे. उताराच्या तळाशी आणि वळणावर लाकूड लवकर दबतं, बोल्टची भोकं सैल होतात, मग तेवढाच तुकडा उघडून थर बदलायचे. दर हिवाळ्यात पार्क बंद असताना हे चालतं, आणि हंगामात रोज सकाळी माणूस ट्रॅकवरून पायी फिरतो, हातात पाना आणि हातोडी घेऊन. हातोडीच्या आवाजावरून सैल बोल्ट ओळखता येतो. कान तयार झालेला मेकॅनिक दहा फुटांवरून सांगतो. २०११ नंतर काही हिवाळ्यांमध्ये ग्रेट कोस्टर्स इंटरनॅशनल या कंपनीने सायक्लोनच्या ट्रॅकचे बरेच तुकडे नव्याने घातले. तेव्हा १९२७ चा आहे तो आराखडा, जागा आणि सांगाड्याचा ढाचा. ज्यावरून तुमची गाडी धावेल ते लाकूड तुमच्या मुलीपेक्षाही तरुण असायची शक्यता मोठी.

मला तिथे काळजी वाटलीच तर लाकडाची नव्हे, पोलादाची वाटेल. लाकूड कुजलं की दिसतं, बोटाने दाबलं की कळतं. पोलाद शेवटपर्यंत तोंड मिटून असतं. अटलांटिक शेदोनशे पावलांवर, सगळी हवा खारी. आपल्या किनाऱ्यावरच्या एका पार्कात मी नटाचा वरचा भाग नवाकोरा रंगवलेला आणि आत आट्यांचा भुगा झालेला पाहिलाय. म्हणून खाऱ्या हवेत रंग ही सजावट नसून देखभाल आहे, आणि रंगाआधी जुना रंग खरवडून बघणं जास्त महत्त्वाचं. ऑगस्ट २०२४ मध्ये सायक्लोनच्या साखळीच्या दातेरी चक्राला तडा सापडला. गाडी चढावरच थांबवली, लोकांना पायी खाली उतरवलं आणि दुरुस्ती होईपर्यंत राइड बंद ठेवली. बातम्यांत ते भयंकर दिसलं. खरं तर चढावर अडकणं हा कोस्टरचा सगळ्यांत निरुपद्रवी बिघाड, रॅचेट असतं ते त्याचसाठी.

आगीनंतरचं दुसरं उत्तर म्हणजे जमीन. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आल्या, लोक दूरच्या समुद्रकाठांवर जाऊ लागले, आणि शहराच्या उद्यान खात्याचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांना हा गोंगाट मुळातच आवडत नव्हता. लूना १९४४ ला जळालं आणि दोनेक वर्षांत संपलं. ड्रीमलँडच्या जागी १९५७ मध्ये मत्स्यालय आलं. स्टीपलचेस १९६४ च्या हंगामानंतर मिटलं. ती जागा बिल्डर फ्रेड ट्रम्प यांनी इमारतींसाठी घेतली आणि १९६६ मध्ये पॅव्हिलियन पाडलं. पाडण्याआधी पाहुणे बोलावून त्यांना काचांवर विटा मारायला दिल्या होत्या. इमारतींना परवानगी मिळालीच नाही, जागा वर्षानुवर्षं ओसाड पडली आणि आज तिथे बेसबॉलचं मैदान आहे. टोर्नेडो १९७७ मध्ये जळाला. थंडरबोल्ट १९८२ ला बंद पडला आणि २००० मध्ये शहरानेच बुलडोझर लावून पाडला.

सायक्लोनची जमीन शहराने १९६९ मध्ये घेतली होती, मत्स्यालय वाढवायला कोस्टर पाडायचा विचारही झाला. लोकांनी आरडाओरड केली. शेवटी शेजारच्या ॲस्ट्रोलँड पार्कने तो वर्षाला ५७,००० डॉलर भाड्याने घेतला, दुरुस्त केला आणि जुलै १९७५ मध्ये पुन्हा सुरू केला. १९८८ ला त्याला शहराच्या संरक्षित वास्तूंचा दर्जा मिळाला. ॲस्ट्रोलँडही २००८ ला गेलं, पण २०१० मध्ये जुनंच नाव घेऊन नवं लूना पार्क आलं. आता सायक्लोन तेच चालवतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. पाठीचं किंवा मानेचं दुखणं, रक्तदाब, अलीकडे झालेलं एखादं ऑपरेशन, यातलं काही असेल तर सायक्लोनमध्ये बसू नका. जुन्या पद्धतीचा लाकडी ट्रॅक हादरे देतो, ते कुणी लपवत नाही. नसेल तर जरूर बसा. पहिल्या डब्यातून दृश्य चांगलं, पण धक्का शेवटच्या डब्यात जास्त: पुढचे डबे उतारावर गेले की मागचा डबा माथ्यावरून वेगातच ओढला जातो आणि तुम्ही आसनावरून सुटता. बसायच्या आधी मिनिटभर फलाटावर थांबून ब्रेक लावणाऱ्या माणसाकडे बघा. तिथे अजून हाताने ओढायचे लांब दांडे आहेत, आणि गाडी फलाटावर नेमकी थांबवणं पूर्णपणे त्याच्या हातावर असतं.

कोस्टर नको असेल तर वंडर व्हील हा आकाशपाळणा आहेच. १९२० पासून चाललेलं, १५० फूट उंच, २४ पाळण्यांचं. त्यातले १६ पाळणे एका जागी टांगलेले नाहीत. चाक फिरताना ते आतल्या वाकड्या रूळांवरून सरकत चाकाच्या मध्याकडे येतात आणि पुन्हा धाडकन कडेला जातात. रंगीत पाळणे सरकणारे, पांढरे स्थिर, आणि दोन्हींच्या रांगा वेगळ्या. नातवंडं बरोबर असतील तर आधी पांढऱ्यात बसा. समोर दिसणारा लाल पोलादी मनोरा म्हणजे १९३९ च्या जागतिक प्रदर्शनातून इथे आणलेली पॅराशूट जंप. १९६० च्या दशकातच बंद झाली, आता नुसती बघायची.

वंडर व्हील आणि सायक्लोन यांचे मालक-चालक आजही वेगळे आहेत, त्यामुळे एकीकडचा मनगटाला बांधायचा तिकीट-पट्टा दुसरीकडे चालत नाही. तिकीट काढताना विचारून घ्या. मॅनहॅटनहून डी, एफ, एन किंवा क्यू गाडीने शेवटचं स्टेशन, स्टिलवेल ॲव्हेन्यू. शनिवार-रविवार टाळलात तर जूनमध्येही फार ताटकळावं लागू नये.